दक्षिण कोरियातली थायरॉईड कॅन्सरची 'साथ' : रुग्ण पंधरापट, मृत्यू होते तेवढेच

आकडेमोड

फुल बॉडी चेकअपच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, की हल्ली थायरॉईडचा कॅन्सर फार वाढलाय का, जिकडेतिकडे ऐकू येतंय. तिथेच उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतेय. माझं रोजचं काम आरोग्याच्या आकडेवारीचं आहे, मी डॉक्टर नाही. त्यामुळे 'रिपोर्ट टाकते, जरा बघून सांगा' हा कार्यक्रम इथे नको.

या प्रश्नाचं सगळ्यात बोलकं उदाहरण दक्षिण कोरियात सापडतं. पाचेक कोटींचा देश, सगळ्यांना सरकारी आरोग्यविमा, आणि १९९९ पासून अख्ख्या देशाची कॅन्सर नोंदणी. म्हणजे आकडे नीट ठेवलेले आहेत, 'नोंदच नव्हती हो पूर्वी' म्हणून सुटका करून घेता येत नाही.

त्याच १९९९ मध्ये तिथल्या सरकारने राष्ट्रीय कॅन्सर तपासणी कार्यक्रम सुरू केला. जठर, स्तन, गर्भाशयमुख, पुढे यकृत आणि मोठं आतडं. थायरॉईड त्या यादीत कधीच नव्हता. पण लोक तपासणीला यायचेच, सोनोग्राफीचं मशीन दवाखान्यात असायचंच, मग 'आलाच आहात तर मानेचीही करून घ्या' सुरू झालं. खर्च ३० ते ५० डॉलर, आणि तो ज्याचा त्याने भरायचा. सुई नाही, दुखत नाही, दहा मिनिटांत काम. कोण नको म्हणणार?

२०११ मध्ये तिथे ४० हजारांहून जास्त लोकांना थायरॉईडच्या कॅन्सरचं निदान झालं. १९९३ च्या दराशी तुलना केली तर १५ पट. जठराचा कॅन्सर ज्या देशात वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर, तिथे थायरॉईड त्याच्या पुढे गेला. आणि या आजाराने होणारे मृत्यू? या सगळ्या काळात वर्षाला तीनशे-चारशेच्या घरात. रेघ सपाट. कोरिया विद्यापीठाचे आन ह्योंग-सिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे दोन आलेख शेजारीशेजारी छापले तेव्हा वैद्यकीय जगात बरीच खळबळ उडाली. एक आलेख डोंगर चढतोय आणि दुसरा जागचा हलत नाही.

मग एवढा कॅन्सर आला कुठून? तर तो होताच. फिनलंडमध्ये १९८५ साली एक अभ्यास झाला होता. इतर कारणांनी मरण पावलेल्या १०१ जणांच्या थायरॉईड ग्रंथीचे अडीच-अडीच मिलीमीटरचे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ३६ जणांमध्ये पॅपिलरी कॅन्सरचे (थायरॉईड कॅन्सरचा सगळ्यात नेहमीचा प्रकार) बारीक ठिपके निघाले. या माणसांना आयुष्यभर त्याचा पत्ता नव्हता आणि त्रासही नव्हता. बरं, अडीच मिलीमीटरपेक्षा लहान ठिपके दोन कापांच्या मधून निसटतात. तेव्हा काप आणखी पातळ केले असते तर जवळजवळ प्रत्येकात काहीतरी निघालं असतं, असं त्या अभ्यासकांचंच म्हणणं होतं.

आता अशा लोकसंख्येच्या मानेवरून चांगल्या मशीनचा प्रोब फिरवा. जेवढे बघाल तेवढे सापडतील. कोरियात हे प्रांतवारही दिसलं: ज्या प्रांतात तपासणी करून घेणाऱ्यांचं प्रमाण जास्त, तिथे 'कॅन्सर' जास्त. आणखी एक अभ्यास २०१६ मध्ये आला. त्यात १९९९ ते २००८ या काळात दर लाखामागे ६.४ वरून ४०.७ वर गेलेली वाढ गाठीच्या आकारानुसार फोडून बघितली. त्यातली ९४ टक्के वाढ २ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींची होती, आणि त्या मुख्यतः तपासणीतच सापडलेल्या.

इथवर नुसती आकड्यांची गंमत म्हणता आली असती. पण 'कॅन्सर' हा शब्द एकदा कागदावर आला की माणूस गप्प बसत नाही, डॉक्टरही नाही. जवळजवळ सगळ्यांची ऑपरेशनं झाली. दोनतृतीयांश लोकांची अख्खी ग्रंथी काढली, म्हणजे जन्मभर रोज सकाळी थायरॉक्सिनची गोळी. एका मोठ्या रुग्णालयात १९९५ मध्ये ऑपरेशन झालेल्यांपैकी १४ टक्के लोकांची गाठ १ सेंटिमीटरपेक्षा लहान होती, दहा वर्षांनी ते प्रमाण ५६ टक्के झालं. विम्याच्या नोंदींवरून १५ हजारांहून जास्त ऑपरेशनं तपासली तेव्हा ११ टक्क्यांमध्ये पॅराथायरॉईड ग्रंथी (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या) निकामी झालेल्या आढळल्या आणि २ टक्क्यांमध्ये स्वरयंत्राची नस. २ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. ४० हजारांचे २ टक्के म्हणजे ८००. दरवर्षी ८०० माणसांचा आवाज बसला, आणि त्या बदल्यात किती जीव वाचले ते मृत्यूच्या आलेखात शोधून सापडत नाही.

मला स्वतःला यात सगळ्यात जास्त खटकतं ते असं, की यात खलनायक कुणीच नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी काळजीपोटीच केलं.

मार्च २०१४ मध्ये तिथल्या आठ डॉक्टरांनी एकत्र येऊन जाहीरपणे सांगितलं, की लक्षणं नसलेल्यांची थायरॉईड सोनोग्राफी थांबवा. वर्तमानपत्रांनी, टीव्हीने विषय उचलला. २०१३ मध्ये थायरॉईडची सुमारे ४३ हजार ऑपरेशनं झाली होती, २०१४ मध्ये २८ हजार. एका वर्षात ३५ टक्के घट. ना औषध सापडलं, ना लस. लोकांनी तपासायचं कमी केलं, एवढंच.

जाणकारांनी भर घालावी.

---

गोगलगाय

वाचतेय. छान धागा. पण एक शंका आहे. मृत्यू वाढले नाहीत याचं कारण लवकर सापडलं, वेळेत ऑपरेशन झालं, म्हणून माणसं वाचली, असं का नसेल? तुम्ही तर उलट अर्थ लावताय.

---

नागपुरी_संत्रं

गोगलगाय +१. हेच लिहायला आलो होतो.

---

आकडेमोड

गोगलगाय, शंका रास्त आहे, कोरियातल्या शल्यविशारदांनीही नेमकी हीच घेतली होती.

समजा आजार खरोखर १५ पट वाढला आणि उपचारांनी वाढीव सगळ्यांना वाचवलं. मग मृत्यूंची रेघ सपाट राहायला उपचारांची सुधारणा दरवर्षी आजाराच्या वाढीला अगदी तंतोतंत पुरी पडायला हवी. यंदा आजार ३० टक्के वाढला, तर वाचवण्याची ताकदही बरोबर तेवढीच वाढली, पुढच्या वर्षी पुन्हा तेवढीच, अशी दीड दशकं. अशक्य नाही म्हणत, पण पटत नाही.

दुसरं, लवकर शोधून जीव वाचत असते तर मृत्यू आधीपेक्षा कमी व्हायला हवे होते. पूर्वी ज्या गाठी उशिरा सापडून जीव घ्यायच्या, त्या आता लवकर सापडल्या ना? मग ती रेघ खाली का नाही आली? गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये येते.

तिसरं, २०१४ नंतर ऑपरेशनं धाडकन कमी झाली. ती सगळी जीव वाचवणारी असती तर त्यानंतर मृत्यूंचा भडका दिसायला हवा होता. तोही दिसला नाही.

---

हान_नदीकाठी

नोकरीनिमित्त बरीच वर्षं तिकडे काढली, म्हणून थोडं आतलं सांगतो.

तिकडे कंपनीची वार्षिक तपासणी म्हणजे जत्रा असते. सकाळी उपाशीपोटी जायचं, कपडे लॉकरमध्ये टाकून त्यांचा ढगळ अंगरखा आणि सपाता घालायच्या, मनगटावर पट्टा. मग या दारातून त्या दारात. दारावर पट्टा टेकवला की आत नाव उमटतं. रक्त, एक्सरे, डोळे, कान, एंडोस्कोपी, सगळं दुपारच्या आत. कुठेही रेंगाळायला नको. त्याच्या आधी घरी एक फॉर्म येतो. कंपनीच्या पैशात यातल्या अमुक इतक्या तपासण्या निवडा, म्हणून चौकोनांची यादी. थायरॉईडची सोनोग्राफी त्यात असायची. फुकट मिळतंय म्हटल्यावर माणूस तो चौकोन रिकामा सोडतो होय? मीही खूण केली होती. काही निघालं नाही, सुटलो.

दुसरं म्हणजे विमा. तिकडे खासगी कॅन्सर विमा घरोघरी. निदानाचा कागद दाखवला की ठोक रक्कम हातात. थायरॉईडवाल्यांची रीघ लागल्यावर विमा कंपन्यांनी हुशारीने त्याला 'कमी रकमेच्या कॅन्सर'च्या गटात ढकललं. डॉक्टरांचे वाद चालूच होते, हिशोबनिसांना आधीच कळलं होतं की हा आजार वेगळा आहे.

आणि रोबोट! मानेवर व्रण नको म्हणून काखेतून शिरून रोबोटने थायरॉईड काढायची पद्धत तिथेच २००७ च्या सुमारास पुढे आली. ऑफिसमधल्या तरुण मुली त्याबद्दल दातांच्या क्लिपा लावून घेतल्यासारखं सहज बोलायच्या.

---

बोरकूट

मला वाटतं मीठ. आयोडीनचं मीठ सक्तीचं केल्यापासून घरोघरी थायरॉईड आहे. आमच्या आजीच्या वेळी खडेमीठ होतं, कुणाला काही नव्हतं. आणि कोरियन लोक तर समुद्री शेवाळ खातात, त्यात आयोडीनच आयोडीन. उत्तर तिथेच आहे.

---

आकडेमोड

बोरकूट, शेवाळाचा मुद्दा कोरियातही चर्चेत होता. आपल्याकडे बाळंतिणीला अळिवाची खीर, तसं तिकडे मियोक-गुक म्हणजे शेवाळाचं सूप. वाढदिवसालाही तेच. पण हे सूप ते पिढ्यान्‌पिढ्या पिताहेत. २००० नंतर अचानक दहापट प्यायला लागले नाहीत आणि २०१४ मध्ये पातेली पालथी घातली नाहीत. रुग्णसंख्या मात्र चढली आणि उतरली.

आयोडीनचा थायरॉईडशी संबंध आहेच. कमतरता असलेल्या भागात फॉलिक्युलर प्रकाराचं प्रमाण जास्त दिसतं, आयोडीन पुरेसं मिळायला लागलं की पॅपिलरीचा वाटा वाढतो. पण पंधरापट वाढ त्याने होत नाही. आणि 'आजीच्या वेळी काही नव्हतं' याबद्दल : कांगडा खोऱ्यात १९५० च्या दशकात आयोडीनच्या मिठाचा जो प्रयोग झाला, तो गावंच्या गावं गलगंडाने भरली होती म्हणूनच झाला. खडेमीठ भाजीत घाला, चव चांगली येते, पण त्याला औषध समजू नका.

---

बोरकूट

बरं. तुमचं म्हणणं ठेवून घेतो. पटलं असं नाही.

---

कान_नाक_घसा

या धाग्यावर मी थोडा उलट सूर लावतो, कारण रोज हेच ऑपरेशन करतो.

कोरियाची गोष्ट खरी आहे. पण ती वाचून उद्या कुणी मानेत हाताला लागणारी गाठ घेऊन घरी बसायला नको. थायरॉईडचा कॅन्सर हा एक आजार नाही. पॅपिलरी, फॉलिक्युलर, मेड्युलरी, अॅनाप्लास्टिक अशी चार मुख्य माणसं एकाच आडनावाखाली राहतात. अॅनाप्लास्टिक विरळा, पण काही महिन्यांत माणूस नेतो. मेड्युलरीतला काही भाग घराण्यातून येतो. वरची सगळी चर्चा मुख्यतः लहान पॅपिलरीची आहे हे ध्यानात ठेवा.

शिवाय सगळी वाढ खोटी, असंही नाही. अमेरिकेतल्या १९७४ ते २०१३ च्या नोंदींचा एक अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यात मोठ्या आणि पसरलेल्या पॅपिलरी गाठीही वाढताना दिसल्या, आणि मृत्युदरही वर्षाला साधारण १ टक्क्याने वाढतोय असं निघालं. कारण लठ्ठपणा असेल, आणखी काही असेल, वाद चालू आहे. 'जास्त शोधलं म्हणून जास्त सापडलं' हे कोरियाला ९० टक्के लागू पडतं. सगळ्या देशांना तेवढंच लागू पडत नाही. जपान, इंग्लंड आणि नॉर्डिक देशांत हा वाटा निम्म्याच्या आसपास धरतात.

जपानवरून आठवलं. कोबेच्या कुमा रुग्णालयात अकिरा मियाउची यांनी १९९३ मध्येच सुचवलं, की १ सेंटिमीटरच्या आतली, धोक्याची चिन्हं नसलेली पॅपिलरी गाठ लगेच कापू नये, नियमित सोनोग्राफी करून लक्ष ठेवावं. लोकांना तेव्हा हे वेडेपण वाटलं असेल, सिद्ध झालेला कॅन्सर आणि डॉक्टर म्हणतोय थांबू या. त्यांच्या १२३५ रुग्णांचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. १० वर्षांत गाठ ३ मिलीमीटर किंवा जास्त वाढली ती ८ टक्क्यांची. मानेतल्या लसिकाग्रंथीत पसरली ३.८ टक्क्यांची. थायरॉईडच्या कॅन्सरने दगावलं कुणीच नाही. ज्यांची वाढली त्यांचं तेव्हा ऑपरेशन केलं आणि तीही मंडळी ठीक राहिली. गाठी वाढायचं प्रमाण साठीपुढच्यांत सगळ्यात कमी, तरुणांत जास्त. बाकी बहुतेक कॅन्सरमध्ये आपण वय वाढलं की जास्त घाबरतो, इथे उलटं.

मी हा पर्याय रुग्णांना सांगतो. दहातले आठ म्हणतात, 'डॉक्टर, काढूनच टाका, डोक्याला ताप नको.' त्यांना दोष कसा देणार?

---

मंजिरी_के

ऑपरेशन झालेल्यांतली मी एक. कॅरोटिड डॉपलर (मानेतल्या रक्तवाहिनीची सोनोग्राफी) करायला गेले होते दुसऱ्याच कारणाने, तिथे 'अवांतर निरीक्षण' म्हणून ७ मिलीमीटरची गाठ निघाली. एफएनएसी (सुईने पेशी काढून तपासणी), पॅपिलरी, दोन आठवड्यांत ऑपरेशन. 'थांबून बघू' असा पर्याय असतो हे मला कुणी सांगितलंच नाही. कुठल्या शहरात, कुणाकडे, ते लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या. मग ओठांभोवती. वाटलं हात अवघडला असेल. नर्सने गालावर कानापुढे बोटाने टिचकी मारली आणि ओठाचा कोपरा आपोआप उडाला. लगेच शिरेतून कॅल्शियम लावलं. थायरॉईडच्या मागे मुगाएवढ्या चार पॅराथायरॉईड असतात, त्या दुखावल्या गेल्या. बहुतेकांचं काही आठवड्यांत ठीक होतं, माझं पूर्ण झालं नाही. आजही पर्समध्ये कॅल्शियमच्या गोळ्या असतात. सकाळी थायरॉक्सिन उपाशीपोटी, आणि कॅल्शियम त्यानंतर निदान चार तासांनी, नाहीतर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. घरचे सगळे चहा पितात तेव्हा मी घड्याळ बघत बसते.

वरती ११ टक्के हा आकडा वाचला. त्यात मी बसते तर.

---

गोगलगाय

मंजिरी, बाप रे. काळजी घे गं.

---

तारापूर_लोकल

आमच्या भागात अणुऊर्जा केंद्र असल्याने हा विषय निघाला की सगळे तिकडेच बोट दाखवतात. किरणोत्साराने थायरॉईडचा कॅन्सर होतो हे तर सिद्ध आहे ना? चेर्नोबिल? की तेही नुसतं जास्त शोधल्याने?

---

आकडेमोड

नाही, चेर्नोबिल खरं आहे, म्हणूनच ते कोरियाच्या शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे.

१९८६ च्या अपघातात किरणोत्सारी आयोडीन-१३१ बाहेर पडलं, ते गवतावर बसलं, गाईंनी खाल्लं, दुधातून मुलांच्या पोटात गेलं. त्याचं अर्धायुष्य ८ दिवसांचं, म्हणजे पहिले काही आठवडे दूध थांबवलं असतं तर पुष्कळ टळलं असतं. त्या भागात आहारात आयोडीन आधीच कमी, त्यामुळे मुलांच्या थायरॉईडने ते अधाशासारखं ओढून घेतलं. बेलारूस, युक्रेन आणि रशियाचे बाधित भाग मिळून तेव्हा १८ च्या आत असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत ६ हजारांवर रुग्ण सापडले, मृत्यू १५. वाढ सुरू झाली चार-पाच वर्षांनी, आणि सगळ्यात जास्त फटका अपघाताच्या वेळी अगदी लहान असलेल्यांना. तपासणी वाढल्याने काही रुग्ण जास्त सापडले असतीलच, पण जितका किरणोत्सार जास्त तितका धोका जास्त, हे नातं स्पष्ट दिसतं.

आता फुकुशिमा. २०११ च्या अपघातानंतर तिथे सुमारे ३ लाख मुलांची थायरॉईड सोनोग्राफी झाली. पहिल्याच फेरीत शंभरावर मुलांत कॅन्सर निश्चित झाला किंवा संशय आला. मोठा हल्लकल्लोळ. पण सापडलेली मुलं बहुतेक किशोरवयातली, पाचच्या आतली नव्हेत. किरणोत्साराची मात्रा चेर्नोबिलच्या मानाने फारच कमी. आणि फुकुशिमापासून लांबच्या आओमोरी, यामानाशी आणि नागासाकी इथल्या ४ हजारांवर मुलांची तशीच सोनोग्राफी केली तेव्हा थायरॉईडमधल्या गाठींचं प्रमाण तसंच निघालं. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सारविषयक समितीनेही ही वाढ बहुधा अतिसूक्ष्म तपासणीमुळे दिसते असंच म्हटलंय.

तारापूरबद्दल बोलायचं तर आधी तिथल्या नोंदी बघाव्या लागतील, आणि नोंदी बघताना सोनोग्राफी किती होते तेही.

---

हान_नदीकाठी

एक गंमत. कोरियाच्या वार्षिक कॅन्सर अहवालात थायरॉईडचा पाच वर्षांचा सापेक्ष जगण्याचा दर १०० टक्क्यांच्या वर आहे, १००.१ की असाच काहीतरी. ऑफिसमधल्या एका कोरियन मित्राने दाखवला तेव्हा मला वाटलं छपाईची चूक.

---

नागपुरी_संत्रं

म्हणजे कॅन्सर झाला की माणूस जास्त जगतो? मग मलाही करून द्या 😄

---

आकडेमोड

चूक नाही. सापेक्ष दर म्हणजे रुग्णांची तुलना त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या सर्वसाधारण लोकांशी. १०० म्हणजे रुग्ण आणि इतर लोक सारखेच जगले. १०० च्या वर म्हणजे रुग्ण किंचित जास्त. कारण हौसेने सोनोग्राफी करून घेणारा माणूस बहुधा नोकरीत असतो, बरा कमावतो, बाकीच्या तपासण्याही वेळेवर करतो. तो तसाही जास्तच जगला असता.

कुणी आमच्याकडे थायरॉईड कॅन्सरचे १०० टक्के रुग्ण बरे होतात अशी जाहिरात करू लागला की मी आधी विचारते, मुळात किती जणांना 'रुग्ण' केलं?

---

बार्शीकर

आता आपल्याकडचं सांगा की. कोरियाचं झालं.

---

आकडेमोड

सांगते. बार्शीकर म्हणताय म्हणून आधी तुमच्या गावाचं : भारतातली पहिली लोकसंख्याधारित कॅन्सर नोंदणी मुंबईची, १९६३ ची, आणि ग्रामीण भागातली नोंदणी बार्शीला १९८७ पासून. वैद्यकीय संशोधनात बार्शीचं नाव जगभर वाचलं जातं, सोलापूर जिल्ह्यात किती जणांना माहीत असतं देव जाणे.

भारतातल्या नोंदण्यांचा २००६ ते २०१४ चा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांमध्ये दर लाखामागे २.५ वरून ३.५, पुरुषांत १.० वरून १.३. म्हणजे देशभराचं चित्र कोरियाच्या जवळपासही नाही. पण ही सरासरी फसवी आहे. तिरुवनंतपुरमला स्त्रियांचा दर लाखामागे १४.६ वर पोचला होता. शिक्षण जास्त, दवाखाने जास्त, तपासण्या जास्त. भारतीय स्त्रियांमधले निम्मे रुग्ण अतिनिदानाचे (म्हणजे शोधलं नसतं तर कधी त्रासच झाला नसता असे) असावेत असा त्या अभ्यासाचा अंदाज आहे, आणि तिरुवनंतपुरमच्या स्त्रियांमध्ये ते प्रमाण ८० टक्के. मुंबईत मात्र त्याची फारशी चिन्हं दिसली नव्हती.

लक्षात घ्या, हे २०१४ पर्यंतचं. त्यानंतर आपल्याकडे दीड-दोन हजारांत घरी येऊन रक्त नेणारी पॅकेजं आली. टीएसएच (थायरॉईडची रक्तचाचणी) थोडा वर दिसला की 'एकदा सोनोग्राफी करून घ्या'. पुण्या-मुंबईचे पुढचे आकडे कसे दिसतील याबद्दल माझा अंदाज आहे, पण आकडे हातात नसताना तो इथे लिहिणार नाही.

---

दळण_आणि_वळण

केरळात मोनाझाइटची वाळू आहे ना किनाऱ्यावर? थोरियममुळे किरणोत्सार. त्यामुळे नसेल?

---

आकडेमोड

ती प्रामुख्याने कोल्लम जिल्ह्यात, करुनागप्पळीच्या किनाऱ्याला. तिथल्या सुमारे ७० हजार लोकांवर दशकभर लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासात नैसर्गिक किरणोत्सारामुळे कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही.

---

सायली_व

मला एक कळत नाही. हा बायकांचाच आजार का? माझ्या माहितीतल्या सगळ्या बायकाच आहेत.

---

कान_नाक_घसा

सायलीताई, चांगला प्रश्न. निदान झालेल्यांमध्ये बायका तीन-चारपट असतात. पण शवविच्छेदनात जे बारीक ठिपके सापडतात ते दोघांतही जवळपास सारखेच. आणि ज्या थायरॉईड कॅन्सरने माणूस दगावतो, त्यातही पुरुष-स्त्री जवळपास सारखेच. तफावत मुख्यतः लहान पॅपिलरी गाठींच्या निदानात आहे. बाई वजन वाढलं, केस गळतात, पाळी अनियमित, गरोदरपण, अशा कुठल्याही कारणाने आली की टीएसएच लिहिला जातो आणि तिथून गाडी सोनोग्राफीकडे वळते. पुरुष दाखवायलाच येत नाहीत, आले तर बायको घेऊन येते.

हार्मोन्सचा काही भाग असेलही. पण ही चौपट तफावत निव्वळ शरीरातून येते असं मला वाटत नाही.

---

सायली_व

म्हणजे इथेही आम्हीच. असो. सासूबाईंच्या (वय ७१) चेकअपमध्ये ५ मिलीमीटरची गाठ लिहून आलीय, टायरॅड्स ४ (गाठ किती संशयास्पद दिसते त्याची सोनोग्राफीतली श्रेणी). धागाकर्तीने रिपोर्ट टाकू नका म्हटलंय म्हणून टाकत नाही 🙂 पण सर्वसाधारण नियम काय असतो तेवढं सांगाल?

---

कान_नाक_घसा

सर्वसाधारण नियम एवढाच, की १ सेंटिमीटरच्या आतल्या गाठीला सहसा सुई टोचायची नाही, दिसायला संशयास्पद असली तरी. अपवाद : मानेत सुजलेल्या लसिकाग्रंथी, आवाज घोगरा होणं, गिळताना त्रास, घरात कुणाला मेड्युलरी कॅन्सर, लहानपणी मानेला रेडिएशन दिलेलं असणं, किंवा गाठ श्वासनलिकेला वा स्वरयंत्राच्या नसेला चिकटून असणं. यातलं काही असेल तर दाखवायलाच हवं, वाट बघू नका. नसेल तर वर्षभराने त्याच सोनोलॉजिस्टकडून पुन्हा सोनोग्राफी. त्याच माणसाकडून, कारण दोन मशीनवर दोन मापं येतात आणि उगाच 'वाढली' असं होतं.

आणि लक्षणं नसलेल्यांनी मुळात ही सोनोग्राफी करूच नये, हे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिगटाने २०१७ मध्ये स्पष्ट सांगितलंय.

---

हान_नदीकाठी

सांगितलं सगळ्यांनीच, पण ऐकतं कोण. कोरियात २०१४ नंतर आकडा उतरला खरा, मग हळूहळू परत चढायला लागला. २०२१ मध्ये ३५ हजारांवर नवे रुग्ण, आणि थायरॉईड पुन्हा पहिल्या नंबरावर.

---

आकडेमोड

हो. आणि मृत्यू अजूनही काहीशेच्याच घरात.

---

सायली_व

धन्यवाद डॉक्टर. लक्षणं काहीच नाहीत, त्या रोज पहाटे देवळात जाऊन भजन म्हणतात, आवाज माझ्याहून खणखणीत आहे. चेकअप सेंटरने एफएनएसीची अपॉइंटमेंट परस्पर गुरुवारची टाकून ठेवलीय. उद्या फोन करून ती रद्द करते आणि आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवते.